सुटाची पँट, आतल्या कापडासह

मी, खाली सही करणारा, धंद्याने शिंपी, गल्लीत पँटमास्तर म्हणून ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पोट ठिकाणावर नाही, पण कायद्याला पोटाशी काही कर्तव्य नाही असे वकीलबाई म्हणाल्या. कोणी मानगुटीवर बसून माझ्याकडून हे लिहवून घेतलेले नाही. उलट पत्नी बाजारात गेली की मी लिहायला बसतो आणि जिन्यावर तिची चप्पल वाजली की कागद मशीनच्या खणात टाकतो. त्यामुळे काही कलमे अर्धवट तुटल्यासारखी वाटतील. अक्षर वाकडे आहे ते हातामुळे. मनात काही वाकडे नाही. निदान फारसे नाही.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. उभा जन्म दुसऱ्यांच्या कमरा मोजण्यात गेला, स्वतःकडे बघायला सवड झाली नाही.

कलम १. हे लिहिण्याचे कारण

कारण आमचे उस्ताद. त्यांच्या दुकानात आम्ही दोघे तयार झालो. मी पँटी शिवायचो आणि दुसरा कोट शिवायचा, म्हणून मी पँटमास्तर आणि तो कोटमास्तर. गिऱ्हाईक सूट टाकून जायचे, वरचा अर्धा त्याचा आणि खालचा अर्धा माझा. उस्ताद एके दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत, आणि मागे कागदाचा कपटासुद्धा ठेवला नाही. मूलबाळ नव्हते. दुकानाची जागा मालकाने परत घेतली. मशिनी, इस्त्र्या आम्ही गुण्यागोविंदाने वाटून घेतल्या. राहिले कापड कापायचे टेबल.

टेबल सागवानी होते, एवढे लांब की त्यावर माणूस पाय पसरून झोपावा. मी म्हणालो, पँटीला लांबी लागते, टेबल माझे. तो म्हणाला, कोटाला जागा लागते, टेबल माझे. महिनाभर दोघांनी हेका सोडला नाही. शेवटी सुताराला बोलावून ते मधोमध कापून घेतले. करवत चालताना टेबल हलू नये म्हणून आम्हीच दोघे दोन टोकांना ते धरून उभे होतो. सुतार म्हणाला, "असलं काम मी आजवर केलं नाही." त्या दिवसापासून कोटमास्तर आणि मी एकमेकांशी बोललेलो नाही. त्याने दुकान घेतले तेही बरोबर माझ्या समोर. माझे अर्धे टेबल आजारपणात मशीनसह वरच्या खोलीत आणले, त्याला कापलेल्या बाजूने खोक्यांचा टेकू आहे, त्याच्या अर्ध्यालाही तसाच आहे, हे मला इथून दिसते. पूर्ण लांबीचे कापड दोघांनाही पसरता येत नाही.

उस्तादांनी चार ओळी लिहून ठेवल्या असत्या तर एक टेबल आणि एक मैत्री शाबूत राहिली असती. माझ्या मागे कोणी करवत आणू नये म्हणून हा खटाटोप.

कलम २. घर आणि दुकान

खालचे दुकान आणि वरच्या दोन खोल्या माझ्या स्वतःच्या कमाईच्या आहेत. त्या माझ्या पश्चात माझ्या पत्नीच्या, आणि तिच्या पश्चात आमच्या एकुलत्या एक मुलीच्या. मुलीने त्या विकाव्यात, भाड्याने द्याव्यात, नाहीतर कुलूप लावून ठेवाव्यात, माझी हरकत नाही. मेलेल्या माणसाने हरकती घेऊ नयेत. स्वयंपाकघरातला नळ डावीकडे फिरवून मग जरा वर उचलावा लागतो, तरच तो बंद होतो. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण नळ आजवर मीच बंद करत आलो आहे आणि पत्नीला वाटते की तो आपोआप बंद होतो.

माझ्या मेहुण्याचा या जागेवर काडीचाही हक्क नाही. तो म्हणेल की भिंतींना रंग त्याने दिला होता. दिला होता, पण तो रंग पोपटी होता.

कलम ३. शिल्लक

बँकेत जे काही असेल ते पत्नीचे. मुलीने त्यावर रागावू नये. ती दूरच्या शहरात नोकरी करते, चांगले कमावते, आणि फोनवर मला "बाबा, जेवलात का" असे विचारते त्याचा अर्थ "बाबा, कसे आहात" असा असतो हे मला समजते. तिला माझ्याकडून काय हवे होते ते मी तिला कधी विचारले नाही. ती लहान असताना मशीनखाली बसून कापडाच्या चिंध्या जोडायची, तेवढा काळ आम्ही दोघे सगळ्यात जास्त बरोबर होतो. तिला माझी मोठी कात्री द्यावी. तिने त्या कात्रीने कागद कापू नये. कागद कापला की धार जाते आणि कात्री पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

शिलाई मशीन पत्नीचे. लोक समजतात ते माझे आहे. दुकानातल्या प्रत्येक पँटीचे काज आणि बटण आजवर तिनेच केलेले आहे आणि गिऱ्हाइकांनी वाहवा माझी केली.

कलम ४. न नेलेले कपडे

दुकानाच्या मागच्या दांडीवर लोकांनी दुरुस्तीला टाकलेले आणि नंतर विसरलेले कपडे आहेत. एक बँडवाल्याची पांढरी पँट आहे, लांबी कमी करायला दिलेली. एक शाळेतल्या मास्तरांची आहे, ते बदली होऊन गेले. एक विमा एजंटाची आहे. त्याने भर दुकानात सांगितले होते की मी शिवलेली पँट त्याच्या साहेबासमोर मागे आसनात फाटली. ती फाटली नव्हती, तो साहेबासमोर फार वाकला होता. बाकीच्या गरजूंना द्याव्यात. विमा एजंटाची पँट मात्र जिथे आहे तिथेच लटकू द्यावी.

कलम ५. मेहुणा

मेहुण्याने माझी छत्री, माझा रेडिओ आणि माझी लोकरीची टोपी नेलेली आहे. त्या तिन्ही वस्तू मी या मृत्युपत्राने त्यालाच देतो, म्हणजे निदान कागदोपत्री तरी मी दिल्या असे होईल.

कलम ६. माझा सूट

हे कलम लांबणार आहे. वकीलबाईंनी विचारले, दागदागिने काही? मी म्हणालो, सूट आहे. त्या हसल्या.

सूट गडद राखाडी आहे, लोकरीचा, माझ्या लग्नासाठी उस्तादांच्या दुकानात शिवलेला. कोट कोटमास्तरचा, पँट माझी. भांडणानंतरही मी तो कोट टाकला नाही. तो उत्तम शिवलेला आहे, खांद्यावर असा बसतो की अंगावर काही आहे असे वाटत नाही. हे मी त्याला कधी सांगितले नाही आणि कोणी सांगूही नये. पँटीचे म्हणाल तर त्याला पँट शिवता येत नाही. तो पँट शिवतो म्हणजे कोटाच्या बाह्या खाली लावतो. आमचा खरा वाद तर टेबलाच्याही आधीचा. माझे म्हणणे, शिवण आतून बारीक हवी, जास्तीचे कापड कापून टाकावे, म्हणजे पँट अंगाला चिकटून बसते. तो जास्तीचे कापड कापतच नाही. आत दुमडून ठेवतो. म्हणतो, माणूस काय कायम तेवढाच राहतो का? त्याच्या पँटी आतून गादीसारख्या असतात.

आजार सुरू झाल्यापासून मी दर आठवड्याला इस्पितळात जाताना हा सूट घालतो. डॉक्टरसमोर कपडे काढावेच लागतात, पण त्याआधी तरी माणूस नीट दिसावा. दोनतीन फेऱ्या झाल्या आणि पँट कमरेत घसरू लागली. नर्स मला काट्यावर उभे करते आणि आकडा कागदावर लिहिते. पत्नी बाहेर बाकावर बसलेली असते. मी बाहेर आलो की विचारायची, "वजन काय म्हणतंय?" मी कागद घडी करून खिशात टाकायचो आणि म्हणायचो, "पँटीला विचार." मग ती माझ्या कमरेकडे बघायची. अशा रीतीने आमच्या घरात पँट हाच वजनाचा काटा होऊन बसला.

पँट सैल होते आहे हे तिला दिसू नये म्हणून मी ती गुपचूप कमरेत घ्यायला लागलो. खरे तर पँट कमरेत घ्यायची ती मागच्या शिवणीतून. पण त्यासाठी कंबरपट्टा उसवावा लागतो, आणि ते काम आता माझ्या हाताबाहेरचे आहे. सुई धरली की बोटे थरथरतात. म्हणून ती बाजारात गेली की मी दोन्ही बाजूंच्या शिवणींना आतून हाताने टाके घालायचो. वेडेवाकडे, पण मला कोण बघणार होते? हाच उद्योग काही आठवडे चालला. पँट नेहमीसारखी बसत होती. ती कमरेकडे बघून मान हलवायची आणि आम्ही घरी यायचो.

मग एक सकाळ अशी आली की बटण काजापर्यंत पोचेना.

मी श्वास आत घेतला, पोट आत घेतले, तरी बोटभर अंतर उरले. मी कपाटाच्या आरशासमोर तसाच उभा राहिलो. कालपरवाच मी फार तर धागाभर टाका घेतला होता, त्याने एवढे घट्ट होणे शक्य नव्हते. बाहेरून ही म्हणाली, "अहो, निघायचं ना?" आणि आत आली. मी म्हणालो, "लागत नाहीये." तिने दोन्ही हातांनी पट्टा ओढून पाहिला. मग ओढायची थांबली आणि माझ्या पोटावर तळवा ठेवला.

"भरलात तुम्ही," ती म्हणाली.

मला खोटे लिहायचे नाही. लग्नाच्या दिवशी मी इतका आनंदात नव्हतो. बटण उघडे ठेवून वरून पट्टा बांधला आणि आम्ही निघालो. बसमध्ये ती शेजारच्या माणसाला म्हणाली, जरा सरकून बसा, यांना आता जागा लागते. मी खिडकीबाहेर बघत होतो, कारण मला हसू आवरत नव्हते.

काट्यावर आकडा आधीच्याहून खाली आला. मी नर्सला म्हणालो, काटा बिघडलाय. ती बिचारी स्वतः त्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "काका, काटा बरोबर आहे." मी बाहेर आलो. पत्नीने विचारले. मी म्हणालो, "पँटीला विचार." ती बाकावरच हसत बसली.

घरी आल्यावर मी पँट काढली आणि सवयीने उलटी केली. बाजूंना माझे टाके होते. आणि मागे, कंबरपट्टा उसवून, मधली शिवण आत घेतलेली होती. जाड मेण लावलेला दोरा, दुहेरी टाका, जास्तीचे कापड न कापता आत दुमडून नीट बसवलेले. या गल्लीत असे कोण शिवते ते मला विचारायची गरज नव्हती. मागचे दोन्ही खिसे जवळ सरकले होते, तेही मी सकाळी पाहिले नव्हते.

मी वाढलो नव्हतो. पत्नीनेही पँट नेऊन गुपचूप कमरेत घेऊन आणली होती, माझ्यासाठी, मी वाळतो आहे हे मला समजू नये म्हणून. तिने बाजूने नाही, मागून. मी मागून नाही, बाजूंनी. आणि तिने सगळी दुकाने सोडून नेमके ते दुकान निवडले, कारण तिथे मी पाऊल टाकणार नाही याची तिला खात्री होती. शिंप्याच्या घरात आयुष्य काढलेल्या बाईला वाटले की मला टाका ओळखू येणार नाही.

मी पँट मांडीवर घेऊन पलंगावर बसलो होतो. स्वयंपाकघरातून ती मुलीशी फोनवर बोलत होती. मुलगी सुट्टी काढून येणार होती, मला भेटायला. ही सांगत होती, "अगं, भरलेत बाबा. बटणसुद्धा लागत नाही. सुट्टी आत्ता वाया घालवू नकोस, पुढे घे निवांत." मला उठून तिच्या हातातला फोन घ्यायचा होता. उठलो नाही. काय सांगणार होतो? मला रडू आले आणि मी ते पँटीत पुसले, लोकरीवर ओल लगेच दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी ती पँट सैल करून आणते म्हणून घेऊन गेली. या वेळी उघडपणे, मोठ्या कौतुकाने. परत आल्यावर मी आतून पाहिली. कोटमास्तरने स्वतःची मागची शिवण उसवली होती. माझे बाजूचे वेडेवाकडे टाके तसेच ठेवले होते, वरून हलकी इस्त्री फिरवून. म्हणजे त्याला समजले होते. त्यानंतरही असेच चालू आहे. मी बाजूंनी घट्ट करतो, पत्नी मधूनमधून पँट इस्त्रीला म्हणून त्याच्याकडे नेते, आणि ती मागूनही मी केली असती त्याहून घट्ट होऊन कपाटात येते. इतक्या वर्षांत एक शब्द न बोलता तो माझ्या खोट्यात सामील झाला, हे मी माझे भाग्य समजतो.

पण आता या खोट्यातून बाहेर कसे यायचे ते मला उमजत नाही. घरात सगळ्यांनी माणूस बरा होतो आहे असे धरले की त्या माणसाला मरायचासुद्धा संकोच वाटतो. ही दुकानाला नवा रंग द्यायच्या गोष्टी करते. ताटात दोन घास जास्त वाढते आणि मी ते जेवतो, मग मोरीत जाऊन ओकतो, नळ सोडून, म्हणजे आवाज होत नाही. सांगितले तर तिचा हसरा चेहरा मीच मोडायचा. नाही सांगितले तर मुलगी येणार नाही, आणि ती "पुढे निवांत" येईल तेव्हा मी असेन असे मला वाटत नाही. दोन्हीकडून मी बांधला गेलो आहे. मुलीला एकदा बघायचे आहे, एवढेच. तिला मी हे फोनवर सांगू शकलो असतो, पण फोन स्वयंपाकघरात आहे आणि पत्नीही तिथेच असते.

म्हणून या कलमाने माझी इच्छा अशी: हा सूट मला शेवटी घालावा. पँट असेल तेवढी घट्ट राहू द्यावी. माझ्या पश्चात हे कलम पत्नीला वाचून दाखवावे, म्हणजे तिला समजेल, आणि तिने मला माफ करावे. मुलीला सांगावे की सुट्टी पुढे ढकलायला लावली यात तिच्या आईचा दोष नव्हता, पँटीचा होता.

कलम ७. टेबल

माझ्या ताब्यातले उस्तादांचे अर्धे टेबल, खोक्यांसह, मी कोटमास्तरला देतो. त्याने सुतार बोलावून ते जोडून घ्यावे. सुतार तोच मिळाल्यास बरे.

वकीलबाईंनी बजावले आहे की साक्षीदार दोन हवेत, आणि ज्याला या कागदाने काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. झाला तर त्याचे दान रद्द. एक साक्षीदार खालचा लाँड्रीवाला आहे. दुसरा अजून सापडलेला नाही. माझ्या ओळखीच्या ज्याच्या त्याच्या नावाने काही ना काही लिहून बसलो आहे. विमा एजंट उरतो, पण त्याला मी घरात घेणार नाही.

कलम ८. आधीच्या कलमांची दुरुस्ती

हे कलम आज लिहितो आहे. आधीचे खोडलेले नाही, कारण खाडाखोड केली तर प्रत्येक ठिकाणी सही करावी लागते आणि तेवढी ताकद हातात नाही. जिथे हे आणि ते जुळत नाही तिथे हे खरे धरावे.

आज सकाळी पत्नीने चहा ठेवता ठेवता विचारले, "अहो, दुसरा साक्षीदार मिळाला का?" मी कप खाली ठेवला. ती म्हणाली की वकीलबाई बाजारात भेटल्या होत्या, त्यांनीच विषय काढला, आणि कागद तिने वाचलेले नाहीत. मशीनच्या खणात आहेत हे मात्र तिला ठाऊक होते, कारण रीळ तिथेच असते. "मी बोलावलंय एकाला," एवढे बोलून ती आत गेली.

जिन्यावरून कोटमास्तर वर आला. गळ्यात टेप, कानावर खडू, केस सगळे पांढरे. रस्त्यापलीकडून रोज दिसतो तो याहून तरुण दिसतो. मला वाटले होते की इतक्या वर्षांनी तोंड उघडायला जड जाईल. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "कुठे करायची सही?"

मी त्याला वकीलबाईंचा नियम सांगितला. सही केलीस तर टेबल मिळणार नाही. तो म्हणाला, "टेबल राहू दे. तुला दुसरं कोण आहे?" सही करणाऱ्याने आतला मजकूर वाचायचा नसतो. पण तो पहिल्यापासूनच आगाऊ, त्याने चष्मा लावला आणि सूट असे लिहिलेले दिसताच ते कलम सगळे वाचून काढले. सावकाश वाचले. पँटीला कोटाच्या बाह्या म्हटले तिथे फक्त नाकातून आवाज काढला. मग कागद टेबलावर ठेवून बोट आपटले.

"हे चुकीचं लिहिलंस," तो म्हणाला. "तू लिहितोस मी तुझ्या खोट्यात सामील झालो. मी काहीच झालो नाही. वहिनी सांगतात तेवढंच करतो."

मला समजेना. त्याने जे सांगितले ते माझ्या शब्दांत लिहून ठेवतो. त्या घट्ट पँटीच्या दिवशी, संध्याकाळी कपडे घड्या करताना पत्नीने पँट उलटी करून पाहिली होती, माझ्यानंतर. काज करणाऱ्या बाईला बाजूचे टाके दिसायला कितीसा वेळ लागणार. दुसऱ्या दिवशी ती पँट घेऊन त्याच्या दुकानात गेली, ती मी भरलो असे समजून गेली नव्हती. पँट त्याच्यासमोर उलटी टाकून म्हणाली, "भाऊजी, एक शिवण तुमची आणि एक यांची. दोन्ही राहिल्या तर बटण लागत नाही. तुमची उसवा, यांची ठेवा." आणि म्हणाली, यांना वाटतंय आपण भरलो, तर वाटू दे. त्यानंतर दर वेळी घट्ट करून घेऊन गेली तीही त्याच कारणासाठी, मला आपण भरतो आहोत असे वाटावे म्हणून. मुलीला तिने त्याच दुकानातून फोन केला होता. खरे काय ते सांगितले. मुलगी येत्या रविवारी येते आहे, आणि मला ते आधी न सांगता चकित करायचे ठरले होते.

म्हणजे ती मला फसवत होती आणि मी तिला, आणि दोघांची शिवण एकाच माणसाच्या हाताखालून जात होती. मला राग यायला हवा होता. मला फक्त फार थकल्यासारखे झाले, आणि मग बरे वाटले. बांधलेले काहीतरी सुटल्यासारखे.

मी तिला हाक मारली. ती दारात आली, पदराला हात पुसत. कोटमास्तर उठून खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

मी म्हणालो, "अगं, पँट सैल होते मला."

ती म्हणाली, "माहीत आहे."

मग तिने जाऊन कोटमास्तरच्या गळ्यातला टेप काढून घेतला आणि मला उभे राहायला सांगितले. इतक्या वर्षांत मी गावभर लोकांची कमर मोजली, माझी कोणी मोजली नव्हती. तिने टेप शर्टाखालून घातला, ओढला नाही, सैलही सोडला नाही, बेंबीवर दोन बोटे आत ठेवून आकडा वाचला. मोठ्याने वाचला. तिने तो पुन्हा एकदा वाचला, म्हणजे कोटमास्तरला नीट ऐकू जावा. त्याने खडूने तो हातावर लिहून घेतला.

"मापाची करून आणतो," तो म्हणाला. "कापड कापू का आतलं?"

त्याने हे मला विचारले. आयुष्यभर ज्यावरून भांडलो तेच विचारले. माझे मत बदललेले नाही, शिवण आतून बारीकच हवी. पण मी म्हणालो, "नको. राहू दे आत."

तेव्हा दुरुस्त्या अशा. सूट मला घालू नये. तो मुलीला द्यावा. पँटीतले जास्तीचे कापड सगळे आतच आहे, तिच्या घरात पुढे कधी माझ्या पहिल्या कमरेचा कोणी निघाला तर उसवून त्याला करता येईल. माफीचे जे लिहिले आहे ते रद्द, ती ज्याची त्याला मिळाली. टेबलाचे कलम रद्द. माझे अर्धे टेबल मी आज जिवंतपणी देऊन टाकले आहे. लाँड्रीवाल्याने आणि कोटमास्तरने ते जिन्यावरून उतरवून रस्त्यापलीकडे नेले, लाँड्रीवाल्याचे बोट चेमटले, आणि आता ते दोन तुकडे समोरच्या दुकानात एकमेकांना लावून ठेवलेले मला इथून दिसतात. उंचीत फरक पडला आहे. माझी बाजू जरा खाली बसते. नळाचे कलम कायम.

हा कागद मी वाचला, पत्नीलाही आज वाचून दाखवला. पोपटी रंगाच्या ठिकाणी ती हसली. ओकण्याच्या ठिकाणी ती उठून आत गेली आणि परत येईपर्यंत मी थांबलो. आता घरात चोरून ठेवण्यासारखे काही उरलेले नाही. माझ्या मागे जे आहेत त्यांनी हा कागद माझा शेवटचा शब्द समजावा आणि त्यावरून भांडू नये.

स्थळ: राहते घर, दुकानाच्या वरची पुढची खोली.
दिनांक: नऊ तारीख, शुक्रवार. महिना आणि साल वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे.

लिहून ठेवणार:
(सही) पँटमास्तर
सही उभा राहून केली. पँट बसते आहे.

आमच्यासमोर सही झाली:

साक्षीदार पहिला:
(सही) लाँड्रीवाला, तळमजला. उजव्या हाताच्या बोटाला पट्टी असल्याने सही डाव्या हाताने.

साक्षीदार दुसरा:
(सही) कोटमास्तर, समोरचे दुकान. मला या कागदाने काहीही मिळालेले नाही. कोटाबद्दलचे वाचले.